मानेवरची टिकली

यंत्र लावायचा हट्ट धरला तो शिवलीला आवटीनंच. हे आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, बिचारीवर काय ही वेळ आणली सरकारनं. वेळबिळ कुणी आणली नव्हती. बाईनं स्वतः अर्ज केला होता, दोन प्रतींत, आणि वकीलबाईंनी जरा विचार करा म्हटल्यावर त्यांनाच चार गोष्टी सुनावल्या होत्या.

तिचा यंत्रावर एवढा जीव का, तेही सांगायला हवं. कृष्णाकाठच्या त्या शहरात हळदीची मोठी पेठ आहे. तिचे वडील, आप्पा, त्या पेठेतले जुने दलाल. त्यांच्या काळात हळदीचा सौदा रुमालाखाली चालायचा. दोन माणसं समोरासमोर उभी राहायची, हातांवर रुमाल टाकायची आणि आतल्या आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायची. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. आधी दहाचे आकडे, मग सुटे. तोंडानं चकार शब्द नाही. बघणाऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसायचा. शिवलीलेला लहानपणापासून ह्या प्रकाराची चीड. लपवायचं काही नाही तर झाकता कशाला, असं ती आप्पांना तोंडावर विचारायची. पुढं ती रसायनशास्त्र शिकली, पेठेत प्रतवारीचं यंत्र आलं, आणि ते चालवायला तीच बसली. हळकुंडावर प्रकाशाचा झोत टाकायचा. परत फिरलेल्या प्रकाशावरून आत पिवळेपणा देणारं कुरकुमिन किती ते पडद्यावर उमटतं आणि सगळ्या पेठेला एकाच वेळी दिसतं. वर्षभरात रुमाल गेले. माणूस खोटं बोलतो, आकडा बोलत नाही, हे तिचं मत तेव्हापासून पक्कं झालं.

नवरा मल्लिनाथ. शेतांना ठिबकनं पाणी कधी नि किती सोडायचं ह्याचे प्रोग्रॅम तो घरी बसून लिहायचा. माणूस वाईट नव्हता, पण भांडण झालं की तोंडाला कुलूप लावायचा ते चार-चार दिवस. ही बोलून मोकळी होणारी, तो गप्प बसून सूड उगवणारा. अकरा वर्षं संसार झाला आणि मग दोघांनाही पुरे झालं. घटस्फोटाचा अर्ज टाकला त्या दिवसापासून शिवलीला त्याला अहो-जाहो सोडून अरे-तुरे करायला लागली. लग्न मोडून तेवढा एक फायदा झाला, असं ती सांगायची. मधे राहिली गिरिजा, वय वर्षं नऊ.

कायदा सहा वर्षांपूर्वी बदलला होता, आणि बदलला होता चांगल्यासाठीच. पूर्वी अशा खटल्यात मुलाला न्यायाधीशांच्या खोलीत बोलावून विचारायचे, बाळ, तुला कुणाकडे राहायला आवडतं? बाळानं काय सांगावं? एकाचं नाव घेतलं की दुसरा गेला. कितीतरी मुलं त्या एका उत्तराचं ओझं घेऊन म्हातारी झाली. तेव्हा सरकारनं ठरवलं, मुलाला विचारायचंच नाही. त्याच्या शरीराला विचारायचं.

मानेवर, केसांच्या रेषेखाली, रुपयाएवढी एक पातळ चकती चिकटवायची. सरकारी नाव लांबलचक होतं. लोक तिला टिकली म्हणायचे. माणूस धास्तावला की त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात, आणि त्यातलं थोडं घामात उतरतं. टिकलीत डीएनएचे आखूड, मुद्दाम घडवलेले धागे असत. कॉर्टिसॉलचा रेणू येऊन बसला की धागा वळायचा, वळला की त्यातून जाणारी वीज किंचित बदलायची, आणि तो बदल मोजायचा. जोडीला हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर. माणूस निवांत असला की ते अंतर थोडं मागंपुढं होत राहतं. घाबरला की ठोके एका मापात पडायला लागतात. सकाळी उठल्यावर कॉर्टिसॉल आपोआप चढतं, ते वजा. पळापळ झाली, ताप आला, शाळेत परीक्षा असली, तेही वजा. उरलं ते घराचं. त्यातून शंभरपैकी एक आकडा निघायचा, त्याचं नाव स्वस्थता-अंक, आणि रोज सकाळी आठ वाजता तो आई-बापांच्या फोनवर यायचा.

दर तीन महिन्यांनी दोन्ही घरांची सरासरी काढायची. फरक दहाच्या आत असेल तर आठवड्याचे दिवस निम्मे-निम्मे. जास्त असेल तर ज्याचा आकडा वर, त्याच्याकडे दिवस सरकणार. आणि ज्याचा आकडा चाळिसाच्या खाली गेला, त्यानं आपलं मूल महिन्यातून दोन तास, न्यायालयाच्या भेटकक्षात, समुपदेशकासमोर बसून बघायचं. टिकली काढून टाकली तर त्या घराचा आकडा शून्य.

शिवलीलेला खात्री होती की मल्लिनाथच्या मुक्या घरात पोरगी आतल्या आत गारठते, आणि टिकली ते उघडं पाडेल. मल्लिनाथला खात्री होती की शिवलीलेच्या तोंडापुढं पोरीचा जीव मुठीत असतो, आणि टिकली ते उघडं पाडेल. आयुष्यात पहिल्यांदा दोघांनी एका कागदावर हसत सही केली.

पहिल्या महिन्यातच शिवलीलेचं घर बदललं. कुकरच्या शिटीनं अंक दोनानं उतरतो असं दिसल्यावर ती गिरिजा शाळेत असताना स्वयंपाक उरकायला लागली. ओरडणं बंद, ते ठीकच. पण मोठ्यानं हसणंही बंद झालं, कारण एकदा ती हसली आणि पोरगी दचकली होती. नखं कापताना अंक उतरायचा, म्हणून नखं वाढली. एका संध्याकाळच्या घसरणीबद्दल तर न्यायालयाच्या अंक तपासणाऱ्या कक्षातून लेखी विचारणा आली, सात दहा ते सात चाळीस ह्या वेळेत घरात काय घडलं ते नमूद करा. शिवलीलेनं रकान्यात लिहिलं, 'भागाकार'. त्यानंतर गिरिजेचा भागाकार कच्चा राहिला तो राहिलाच. खटल्याचा विषय तर काढायचाच नव्हता. मुलाला काही विचारलं, समजावलं की अंक हलायचा, आणि हलला की न्यायालय त्याला शिकवणी, म्हणजे मुलाला पढवणं, म्हणायचं.

मल्लिनाथकडेही तेच चाललं होतं म्हणा. त्यानं पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माशांची मोठी टाकी आणली, भिंतींना फिका निळा रंग दिला, आणि आपल्या आईला सांगून टाकलं की गिरिजा असेल तेव्हा येत जाऊ नकोस, तुझ्या प्रश्नांनी तिला त्रास होतो. म्हातारी रडत खाली उतरली. बुधवारी आणि रविवारी इमारतीच्या फाटकाशी पोरीची देवाणघेवाण व्हायची. आई-बाप एकमेकांकडे बघून असे गोड हसायचे की नवख्याला वाटावं, ह्यांचं लग्न ठरतंय.

आणि अंक? अंक झकास होते. तिचे साठ, त्याचे एकसष्ट. त्याचे अठ्ठावन्न, तिचे अठ्ठावन्न. शिवलीला रोज आठ वाजता फोन हातात घेऊन बसायची, आणि तिच्या तोंडाकडे बघत गिरिजा दूध प्यायची.

अकराव्या आठवड्यात दोघांनाही एक पत्र आलं. यंत्रणेच्या नजरेस आलं होतं की दोन घरांच्या अंकांत फार सारखेपणा आहे. खरी मोजमापं अशी नसतात. एखादा दिवस वर जातो, एखादा आपटतो. हवामानाचं घ्या नाहीतर हळदीच्या ढिगाचं, दोन वेगळ्या जागचे आकडे अकरा आठवडे हातात हात घालून चालत नाहीत. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की कुणीतरी अंकांत फेरफार करत असल्याचा संशय आहे. शिवलीलेला हे गणित कळत होतं. पेठेत एखाद्या व्यापाऱ्याच्या सगळ्या पोत्यांचा आकडा सारखा आला की तीही हळद पुन्हा तपासायची, कारण वरून रंग फासलेला असायचा.

तिनं मल्लिनाथला फोन लावला आणि विचारलं, पोरीला कसलं सिरप पाजतोस? त्यानं विचारलं, तू काय पाजतेस? गिरिजा शेजारच्या खोलीत होती, म्हणून दोघं कुजबुजत भांडले. कुजबुजत भांडून बघा कधी. छाती दुखते माणसाची.

त्या आठवड्यात शाळेला सुट्टी होती. शिवलीला गिरिजेला पेठेतल्या शेडमध्ये घेऊन गेली. दुपारची वेळ, माल उतरून झालेला, यंत्र थंड व्हायला ठेवलेलं. गिरिजा पोत्यांच्या थप्पीवर बसली होती. पोरीचे गाल बसलेत, हे शिवलीलेला बाहेरच्या उजेडात दिसलं. तिनं डबा उघडला, पोरीनं दोन घास खाल्ले आणि पुरे म्हणाली. शिवलीला रुमालाला हात पुसत शेजारी टेकली. गिरिजेनं तो रुमाल ओढला, दोघींच्या हातांवर टाकला आणि आत आईची बोटं धरली.

शिवलीलेला वाटलं, खेळ. आप्पा जाण्याआधी वर्षभर नातीला घेऊन हाच खेळ खेळत बसायचे. पोरीनं पंजा धरला, मग एक बोट; हात सोडला; मग दोन बोटं. बासष्ट. थोडं थांबून पंजा. पुन्हा पंजा, आणि तीन बोटं. अठ्ठावन्न. आदल्या दिवसापर्यंतची सरासरी होती ती. बासष्ट मल्लिनाथची, अठ्ठावन्न तिची. मग गिरिजेनं तिची दोन बोटं दाबली, सोडली, आणि परत दोन दाबली.

काय गं हे, असं शिवलीला विचारणार तोच पोरीनं तोंडावर बोट ठेवलं आणि मानेकडे दाखवलं. टिकलीला कान नव्हते, पण विषय निघाला की विचारणा येते हे तिनं पाहिलं होतं, आणि तिच्या हिशोबी टिकली सगळं ऐकत होती. तिनं रुमालाची घडी केली, टिकलीवर गच्च दाबून धरली, आणि मग हळू आवाजात बोलली.

"फोनवर तुमचे दोघांचे आकडे मी रोज बघते. पप्पांकडचे दोन कमी करायचेत आणि तुझ्याकडचे दोन वाढवायचेत. वाढवायचे सोपे असतात. श्वास मोजत बसलं की वाढतात. कमी करायला वेळ लागतो."

आधी ती जिने चढून-उतरून बघायची. पण धावलेलं यंत्र वजा करतं, हे तिच्या लक्षात आलं. चिमटे काढून पाहिले, त्यानं थोडंच होतं. मग तिला बसल्या जागी करायची युक्ती सापडली.

"काय करतेस?"

"विचार करते. पप्पांकडे असले की, तू मेलीस असा. तुझ्याकडे असले की, पप्पा मेले असा. डोळे मिटून सगळं बघायचं, लोक आलेले वगैरे. आधी नीट जमायचं नाही. आता लगेच होतं."

शिवलीलेनं विचारलं, कशासाठी गं बाळा?

"कुणीतरी चाळीसच्या खाली गेलं तर?" गिरिजा म्हणाली. आईला एवढं साधं कसं कळत नाही, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. नियमांचा छापील कागद दोन्ही घरांत फ्रिजवर लावलेला होता, आणि नऊ वर्षांच्या पोरीला वाचता येतं हे दोन्ही घरांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

शिवलीला त्या क्षणी स्वतःवर इतकी चिडली की तिला दरदरून घाम फुटला. यंत्र मीच आणलं. दोन प्रतींत आणलं. मुलीला कुणी विचारू नये म्हणून कायदा झाला, आणि मी तिला रोज चोवीस तास उत्तर द्यायला बसवलं. तिनं डब्याच्या तोंडाशी जमलेलं तेल बोटावर घेतलं, गिरिजेची मान पुढं वाकवली, आणि कड उचलत उचलत टिकली सोडवली. खाली लाल गोल वण होता. टिकली तिनं डब्याच्या झाकणात टाकली.

चार मिनिटांत फोन वाजला. कक्षातली बाई अदबीनं म्हणाली की संपर्क तुटलाय, टिकली निघाली असेल तर तासाभरात परत लावा.

"निघाली नाही, काढलीय," शिवलीला म्हणाली. "शिवलीला आवटीनं काढली, शुद्धीवर असताना. लिहून घ्या."

सुनावणी चौथ्या दिवशी ठरली. तिच्या वकीलबाई कुंभोजकर हुशार होत्या. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी रस्ता दाखवला तो असा: टिकलीला फसवता येतं हे आता सिद्धच झालं. टिकली बनवणाऱ्या कंपनीनं नवा दाणा काढलाय, तांदळाएवढा, कानामागं कातडीखाली बसवायचा, अठरा वर्षांची होईपर्यंत तिथंच राहणार. तो थेट रक्तातलं मोजतो, मज्जातंतूंतले संदेशही टिपतो, आणि आठवून आणलेली भीती वेगळी ओळखतो असा कंपनीचा दावा आहे. न्यायालय तोच सुचवणार. तुम्ही संमती द्या, टिकली काढल्याची माफी मागा, दिवस निम्मे शाबूत राहतील. नाही म्हणालात तर शून्य, आणि मग महिन्यातून दोन तास.

"टिकलीला फसवायला तिनं मला मारलं, ताई," शिवलीला म्हणाली. "दाण्याला फसवायला काय करेल?"

कुंभोजकरबाईंनी एवढंच सांगितलं की मूल गमावून बसाल.

गमावून बसेन, हे शिवलीलेलाही कळत होतं. तीन दिवस ती यंत्रावर हळद तपासत राहिली आणि डोक्यात तेच. महिन्यातून दोन तास म्हणजे वर्षाचा एकच दिवस की हो. पोरीला कुठला शर्ट आखूड झाला, कुठला दात पडला, काही कळायचं नाही. संमती दिली तर पोरगी अर्धा आठवडा कुशीत असेल, आणि कानामागं दाणा असेल. दहादा तिनं संमती द्यायचं ठरवलं. दहाही वेळा तिला गिरिजा डोळे मिटून बसलेली दिसली. मल्लिनाथला सांगावं म्हणून तिनं फोन केला, तर त्यानं नेहमीसारखा तो उचललाच नाही. त्याच्या वकिलांनी पोरीचा पूर्ण ताबा मागणारा अर्ज मात्र टाकला होता.

न्यायाधीश तांबोळी निवृत्तीला आलेले होते. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, आणि शिवलीलेला सरळ विचारलं की दाण्याला संमती आहे का. नसेल तर परिणाम माहीत आहेत का.

"माहीत आहेत, आणि संमती नाही," ती म्हणाली. कुंभोजकरबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग तिनं सांगितलं, पोरगी काय करत होती ते सगळं. कोर्टात बोलायचा सराव नव्हता, पण आवाज पेठेतला होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा.

"मी हळद मोजते, साहेब. बारा वर्षं मोजतेय. पोत्यावर झोत टाकला तरी पोत्याला कळत नाही की आपल्याला मोजतायत. ते आहे तसंच राहतं, म्हणून तो आकडा खरा. पोरीला कळतं. मोजायला लागलात की ती आकडा सांभाळायला लागते, आणि मूल असायचं सोडून देते. तुमच्या यंत्रात खोट नाही. ते माझ्या पोरीला लावलं, ही खोट आहे. ती मी केली, मीच काढली. परत लावणार नाही. दाणा तर नाहीच नाही. मला शून्य द्यायचा तर द्या."

तांबोळींनी लिहायला घेतलं. शेवटी त्यांनी सांगितलं की कायद्यानं त्यांचे हात बांधलेले आहेत. आईनं नकार दिल्यामुळे तिचा अंक शून्य धरावा लागतो आणि ताबा वडिलांकडे जातो. वडिलांनी दाण्याच्या संमतीपत्रावर सही करावी, म्हणजे आदेश पूर्ण होईल. शिवलीलेनं समोरचा लाकडी कठडा धरून ठेवला.

वकिलांनी कागद पुढं सरकवला. मल्लिनाथनं पेन घेतलं. टोपण काढलं, परत लावलं. आणि तो शिवलीलेकडे वळला.

"माझ्याकडे ती गॅलरीत डोळे मिटून बसते," तो म्हणाला. "रोज. मला वाटायचं ध्यान करते. मी फोटो काढलेत तिचे, सगळ्या नातेवाइकांना पाठवलेत. तेव्हा ती..."

"हो. मी मेले असा विचार करते."

"आणि तुझ्याकडे?"

"तू."

मल्लिनाथचे वकील त्याच्या कानाशी लागून काही सांगत होते, ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. शिवलीला त्याला अकरा वर्षं ओळखत होती. हा आता तोंडाला कुलूप लावणार आणि सही करून टाकणार, असं तिला वाटलं. त्यानं पेन कागदावर आडवं ठेवलं.

"माझीही सही मिळणार नाही," तो म्हणाला, आणि न्यायाधीशांकडे वळला. "साहेब, माझाही नकार आहे. मलाही शून्य द्या."

तांबोळींनी कायद्याचं पुस्तक मागवलं. पडद्यावर नको, छापील आणा म्हणाले. पानं उलटत राहिले. आई नकार देते त्याचं कलम होतं, बाप नकार देतो त्याचं होतं, दोघं संमती देतात त्याचं होतं. सरकारी वकील उठून म्हणाले की दोघं अपात्र ठरले तर मुलीला सरकारी निवासात ठेवावं. असं कुठल्या कलमात लिहिलंय ते दाखवा, म्हणून तांबोळींनी पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. त्यांना काही सापडलं नाही.

"कायदा करताना ही दोघं कधी एका बाजूला उभी राहतील, असं कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही," तांबोळी म्हणाले. त्यांनी तोंडी आदेश सांगितला. वरच्या न्यायालयाचा निर्णय येईपर्यंत मुलीच्या अंगावर किंवा अंगात कुठलंही यंत्र लावायचं नाही. दिवसांची वाटणी आई-बापांनी आजच्या आज, बाहेर बसून, स्वतःच्या हातानं लिहून आणायची. मुलीला त्यात काही विचारायचं नाही. जमलं नाही तर ते स्वतः लिहितील, आणि ते कुणालाच आवडणार नाही. सरकारी वकिलांनी तिथल्या तिथं वर दाद मागणार असल्याचं सांगितलं. मागा, असं म्हणून तांबोळींनी पुढच्या खटल्याचा पुकारा करायला लावला.

बाहेर व्हरांड्यात बाकावर मधे कागद ठेवून दोघं बसली. सोमवार, मंगळवार सरळ गेले. बुधवारी अडलं. बुधवारी पेठ बंद, तो दिवस मला हवा, शिवलीला म्हणाली. बुधवारी तिचा पोहण्याचा वर्ग माझ्या घराशेजारी, मल्लिनाथ म्हणाला. तुझ्या घराशेजारी म्हणजे काय नदीपल्याड आहे का माझं घर, तिनं विचारलं. तुझं नेहमीचंच, तो म्हणाला. नेहमीचं म्हणजे काय ते सांगच आता, ती म्हणाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा दोघं पूर्ण आवाजात भांडत होती, आणि शिवलीलेला खरं सांगायचं तर छान वाटत होतं.

तेवढ्यात समुपदेशक बाई गिरिजेला मुलांच्या खोलीतून घेऊन आल्या. पोरीनं आई-बापांचा आवाज ऐकला आणि ती होती तिथं थांबली. तिचे डोळे मिटले. खांदे हळूहळू वर, हळूहळू खाली. शिवलीलेनं ते पाहिलं आणि वाक्य अर्ध्यावर टाकून ती उठली.

"गिरू, श्वास मोजू नकोस. टिकली परत येणार नाही."

गिरिजेनं डोळे उघडले आणि बापाकडे बघितलं.

"नाही येणार," मल्लिनाथ म्हणाला. "आम्ही दोघांनी नाही म्हणून सांगितलंय."

उद्या वरचं न्यायालय काय म्हणेल ते दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या घडीला ते खरं होतं, आणि पोरीला ते पटलेलं दिसलं. तिचा हात मानेवर गेला, वणावर फिरला. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिनं आईला दोन्ही मुठींनी मारलं, बापाच्या पोटात डोकं खुपसून त्याला ढकललं, आणि इतक्या मोठ्यानं भोकाड पसरलं की अख्ख्या व्हरांड्यातले पक्षकार वळून बघायला लागले. तुम्ही दोघं वाईट आहात, ती ओरडली. मला बुधवार नको, मला निळी भिंत नको, मला आजी पाहिजे, मला भूक लागलीय, तुम्ही दोघं मेला असता तर मी काय केलं असतं. सगळं एकात एक, नाक गळतंय, शब्द कळत नाहीत. शिवलीलेनं तिला धरलं. दुसऱ्या बाजूनं मल्लिनाथनं धरलं. रडू नको असं कुणीच म्हणालं नाही.

शिपाई धावत आला. आत सुनावणी चाललीय, साहेबांना ऐकू येत नाही, पोरीचा आवाज बंद करा आधी, असं तो म्हणाला. मल्लिनाथ उठला, आणि भांडण झालं की तोंडाला कुलूप लावणारा तो माणूस शिपायासमोर आडवा उभा राहिला.

"आवाज बंद होणार नाही," शिवलीला म्हणाली. "साहेबांना जाऊन सांगा, मुलगी आपलं म्हणणं मांडतेय."